सॅम्पल कुठून येणार? रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनमधे पहिली ग्रँट मागणाऱ्यांसाठी

जून उजाडला की मला हमखास एक-दोन मेसेज येतात, मॅडम इनफर्टिलिटीवर काम करायचंय, फंडिंग कुठे मिळेल? मी उलट विचारते, सॅम्पल कुठून येणार? मग पलीकडून दोन दिवस काही नाही. दर वेळी तेच तेच टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मी राहते कळव्याला, काम करते नवी मुंबईत एका मेडिकल कॉलेजच्या रिसर्च लॅबमधे, पीएचडीच्या दिवसांत रोज परळला जायचे. आत्तापर्यंत सहा प्रपोजल टाकलीत, दोन लागली, चार परत आली. म्हणजे मी काही मोठी एक्स्पर्ट नाही, पण प्रपोजल परत कशी येतात ते मात्र मला नीट माहितीये.

पायरी १: स्कीम नंतर, आधी आपलं अपॉइंटमेंट लेटर

बहुतेक जण स्कीमची लांबलचक यादी काढतात, मग एकेक पान उघडून बघतात आणि तळाशी कळतं की आपण एलिजिबलच नाही. त्यापेक्षा आपलं अपॉइंटमेंट लेटर काढा आणि त्यात काय लिहिलंय ते वाचा, रेग्युलर की कॉन्ट्रॅक्ट, आणि संस्था सरकारी, अनुदानित की प्रायव्हेट. निम्मं उत्तर त्या कागदावरच असतं.

एमबीबीएस किंवा बीडीएस करत असाल तर आयसीएमआरची, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय परिषदेची, शॉर्ट टर्म स्टुडंटशिप बघा, सगळे तिला एसटीएसच म्हणतात, दोन महिन्यांचा छोटा प्रोजेक्ट, १९७९ पासून चालू आहे. स्टायपेंड मिळतो तो मिळतोच, पण इंटर्नशिपला लागायच्या आधी एथिक्स कमिटीचा फॉर्म एकदा स्वतःच्या हाताने भरून झालेला असतो हे जास्त कामाचं. एमडी-एमएस रेसिडेंट असाल तर थीसिससाठी आयसीएमआरची मदत असते, आणि नाशिकचं आपलं आरोग्य विद्यापीठसुद्धा रिसर्च ग्रँट देतं. रक्कम लहान म्हणून लोक तिकडे बघत नाहीत. अहो लहान असू दे, पुढच्या प्रपोजलमधे 'प्रिलिमिनरी डेटा' नावाचा जो कॉलम रिकामा राहतो ना, तो अशाच लहान पैशातून भरतो.

पीएचडी करायची तर सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा डीबीटीची (केंद्राचा बायोटेक्नॉलॉजी विभाग) बेट परीक्षा, हे सगळ्यांना माहिती असतं, पुढे जाऊ. पीएचडी झाल्यावर एएनआरएफची नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप, डीबीटीची एम. के. भान फेलोशिप आणि इंडिया अलायन्सची अर्ली करिअर फेलोशिप या तीन आधी बघा. एएनआरएफ म्हणजे केंद्राची रिसर्चला पैसा देणारी संस्था, आधीचं सर्ब, २०२३ च्या कायद्याने नवीन फाउंडेशन झालं आणि सर्ब त्यात गेलं, त्यामुळे सीनियर लोक अजून सर्ब-सर्ब करत असतील तर गोंधळू नका. इंडिया अलायन्स म्हणजे डीबीटी आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून २००८ मधे सुरू केलेली संस्था, तिथे वयाची अट नाही आणि डॉक्टरांसाठी क्लिनिकल आणि पब्लिक हेल्थ असा वेगळा मार्ग आहे. ऑक्टोबर २०२५ मधे केंद्राने तिसरा टप्पा मंजूर केला, एकूण १५०० कोटी, त्यातले १००० आपले आणि ५०० वेलकमचे, त्यामुळे निदान पुढची काही वर्षं हे दुकान चालू राहणार.

रेग्युलर पोस्टवर नुकतेच लागला असाल तर एएनआरएफची प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट, तीन वर्षांना ६० लाखांपर्यंत, वर ओव्हरहेड (संस्थेचा वरखर्च) वेगळा, वयाची मर्यादा ४२ आणि बायकांना, राखीव प्रवर्गांना त्यात तीन वर्षांची सूट. आयसीएमआरची एक्स्ट्राम्युरल, म्हणजे बाहेरच्या संस्थांना द्यायची, ग्रँट स्मॉल आणि इंटरमीजिएट अशा दोन साइजमधे येते, पहिल्यांदा टाकताय तर निमूटपणे स्मॉलला टाका. रकमेची मर्यादा मात्र त्या वर्षीच्या कॉलमधेच बघायची, मित्राच्या दोन वर्षांपूर्वीच्या पीडीएफमधे नाही.

बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण, नवऱ्याची बदली, अशा कशाने गॅप पडलेल्या बायकांसाठी डीबीटीचं बायोकेअर आहे, २०११ पासूनचं, आणि डीएसटीचं (केंद्राचा विज्ञान-तंत्रज्ञान विभाग) वाइज-किरण. माझी स्वतःची दीड वर्षाची गॅप आहे आणि पहिल्या प्रपोजलमधे मी ती लपवायचा प्रयत्न केला होता, सीव्हीमधे तारखाच लिहिल्या नव्हत्या. मूर्खपणा. या स्कीम गॅपसाठीच आहेत, सरळ लिहा. परदेशातून परत येत असाल तर डीबीटीची रामलिंगस्वामी री-एंट्री फेलोशिप.

आता प्रायव्हेटवाले. स्वतःचं आयव्हीएफ सेंटर आहे किंवा तिथे एम्ब्रियॉलॉजिस्ट आहात आणि रिसर्च करायचाय, तर सरकारी ग्रँट तुमच्या सेंटरच्या नावावर मिळणं कठीण, कारण प्रायव्हेट संस्थेला डीएसआयआर या केंद्रीय विभागाचं सायरो रेकग्निशन, म्हणजे रिसर्च संस्था असल्याची मान्यता, लागतं. एखाद्या कॉलेजबरोबर को-इन्व्हेस्टिगेटर म्हणून या, ते तुम्हालाही सोपं आणि कॉलेजलाही हवंच असतं, का ते पुढच्या पायरीत येईल. कॉलेजवाल्यांनीसुद्धा आपल्या रिसर्च सेलमधे जाऊन ते सर्टिफिकेट डोळ्यांनी बघून यावं, नुसतं 'आहे हो आपल्याकडे' यावर जाऊ नये. माझ्या चार परत आलेल्यांपैकी एक याच्यामुळे आलं, सर्टिफिकेट होतं पण त्याची मुदत संपून पाच महिने झाले होते आणि रिन्यूअलची फाइल कुणाच्या तरी टेबलवर निवांत पडली होती. आणि काम डिव्हाइसचं किंवा किटचं असेल, म्हणजे पुढे विकता येईल असं, तर डीबीटीच्या बायरॅक या संस्थेची बिग ग्रँट बघा, ५० लाखांपर्यंत, १८ महिने, आपल्याला जवळ पडणाऱ्या तिच्या पार्टनरमधे पुण्याचं व्हेंचर सेंटर आहे.

पायरी २: सॅम्पल

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण गाडी इथेच अडते.

१९८६ च्या ऑगस्टमधे केईएममधे हर्षा चावडा जन्मली, आपल्याकडचं पहिलं शास्त्रीय नोंदी असलेलं टेस्ट ट्यूब बेबी. डॉ. इंदिरा हिंदुजा हॉस्पिटलच्या बाजूने, डॉ. टी. सी. आनंद कुमार इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनच्या बाजूने. ती इन्स्टिट्यूट म्हणजेच आजचं परळचं एनआयआरआरसीएच, केईएमपासून हाकेच्या अंतरावर. पेशंट एका बाजूला, लॅब दुसऱ्या बाजूला, मधे चालत जाण्याएवढं अंतर. आपल्या विषयातली प्रत्येक ग्रँट अजूनही याच जोडीवर उभी असते आणि रिव्ह्यूअर सगळ्यात आधी हीच जोडी शोधतो.

माझं उदाहरण सांगते. आम्हाला फॉलिक्युलर फ्लुइड हवं होतं. एग पिकअपच्या वेळी, म्हणजे आयव्हीएफसाठी अंडी काढताना, फॉलिकलमधलं (अंडाशयात अंडं ज्या पिशवीत असतं तिच्यातलं) पाणी सुईने ओढतात, एम्ब्रियॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली त्यातली अंडी वेचून घेतो, राहिलेलं पाणी त्यांच्या लेखी टाकाऊ. मला वाटलं, टाकाऊच तर आहे, कितीही मिळेल. एका सेंटरशी बोलणं झालं, आठवड्याला आठ-दहा पिकअप होतात म्हणाले, मी प्रपोजलमधे ठोकून दिलं की सहा महिन्यांत ६० सॅम्पल.

पहिल्या दिवशी सकाळी पावणेआठला बर्फाचा डबा घेऊन ओटीबाहेर उभी. यादीत पाच नावं. एकीचं पिकअप आदल्या दिवशीच उरकलेलं, एकीची सायकलच कॅन्सल. तिसरीला भूल दिल्यावर कळलं की आमच्या कन्सेंट फॉर्मवर तिची सहीच घेतलेली नाही, भुलीतल्या बाईची सही थोडीच घेणार, तिचं सॅम्पल डोळ्यांदेखत गेलं. दोन ट्यूब हातात आल्या. एक छान गवती पिवळी, दुसरी लालभडक, म्हणजे रक्त मिसळलेलं, हार्मोन मोजायला बाद. पाचातलं एक! ते ६० सॅम्पल व्हायला १९ महिने लागले आणि एक्स्टेन्शन मागताना जी धाकधूक झाली ती वेगळी.

त्यामुळे प्रपोजल लिहायच्या आधी दोन महिने नुसती वही ठेवा. रोज किती पिकअप ठरली, किती झाली, तुमच्या निकषात किती बसली, किती जणी हो म्हणाल्या. स्वच्छ सॅम्पल हवं तर पहिल्या फॉलिकलचं, फ्लश मीडियम घालायच्या आधीचं मागा, हे एम्ब्रियॉलॉजिस्टशी आधी बोलून ठेवा कारण त्या दहा मिनिटांत त्याचं सगळं लक्ष अंड्यांवर असतं आणि ते तसंच असायला हवं. वहीतला आकडा प्रपोजलमधे टाकलात की रिव्ह्यूअरला कळतं की हा माणूस ओटीबाहेर उभा राहिलेला आहे.

कन्सेंट पिकअपच्या दिवशी घेऊच नका, काउन्सेलिंगच्या दिवशी घ्या, आणि शक्यतो ट्रीटमेंट देणाऱ्या डॉक्टरांनी नको, कारण डॉक्टर विचारतायत म्हटल्यावर नाही कोण म्हणणार. फॉर्म मराठीत आणि हिंदीत हवा, आणि मराठी म्हणजे घरी बोलतो ती मराठी. आमच्या पहिल्या फॉर्मात फॉलिक्युलर फ्लुइडला 'कूपिका द्रव' लिहिलेलं होतं, दिव्याहून येणाऱ्या एका ताईंनी विचारलं, हे विहिरीचं पाणी का? मग बदलून लिहिलं, 'स्त्रीबीज ज्या पाण्यात असतं ते पाणी'. एथिक्स कमिटीला पण तेच आवडलं.

सगळी सॅम्पल सारखी नसतात हेही सांगते. फॉलिक्युलर फ्लुइड, ग्रॅन्युलोसा सेल (अंड्याभोवतीच्या पेशी), एम्ब्रियो वाढवून झाल्यावर उरलेलं मीडियम, डिलिव्हरीनंतरची प्लॅसेंटा, ओपीडीतलं रक्त, किंवा नुसती प्रश्नावली, ही नवीन माणसाला झेपणारी. टेस्ट करून उरलेलं सीमेन सॅम्पलही मिळतं, पण त्यात शुक्राणू असतात म्हणजे ते गॅमीट (बीजपेशी) झालं, आणि गॅमीट आणि एम्ब्रियोच्या वाटेला पहिल्याच प्रपोजलमधे जाताना दहादा विचार करा. एआरटी कायदा (आयव्हीएफसारख्या उपचारांचा) आणि सरोगसी कायदा दोन्ही २०२१ चे, अमलात आले जानेवारी २०२२ मधे. एआरटी कायद्यात गॅमीट आणि एम्ब्रियो ठेवायची मुदत दहा वर्षं, त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने रिसर्चला द्यायचे, पण ज्या संस्थेला द्यायचे ती त्या कायद्याखाली नोंदलेली हवी. गॅमीट, एम्ब्रियो विकणं किंवा कुणाकडे ट्रान्सफर करणं हा गुन्हा, देशात असो की बाहेर, त्यामुळे 'एम्ब्रियो तिकडच्या कोलॅबोरेटरला पाठवू' हे वाक्य प्रपोजलमधे चुकूनसुद्धा नको. शिवाय मानवी भ्रूण लॅबमधे १४ दिवसांच्या पुढे वाढवायला २०१७ च्या स्टेम सेल गाइडलाइन्समधे मनाई आहे.

आणि पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदानाला बंदी करणारा कायदा. प्लॅसेंटा, फीटल टिश्यू, एम्ब्रियोचा जेनेटिक डेटा, काहीही असो, जन्माआधी लिंग कळू शकेल असा कॉलम तुमच्या एक्सेलमधे बनूच देऊ नका. सॉफ्टवेअर आपोआप देत असेल तर आउटपुट उघडायच्या आधी तो काढायची सोय करा आणि ही सोय केलीय हे प्रोटोकॉलमधे लिहा.

पायरी ३: पैसा कुठल्या प्रश्नाला मिळतो ते ओळखा

आपल्याकडे सरकारी कुटुंब नियोजन १९५२ ला सुरू झालं, आणि पुढची कित्येक दशकं प्रजननावरच्या रिसर्चचा अर्थ बराचसा गर्भनिरोधन असाच होता. डब्ल्यूएचओचा प्रजनन संशोधनाचा एचआरपी कार्यक्रम १९७२ चा, त्याचीही सुरुवातीची बरीच शक्ती तिकडेच गेली. लखनौच्या सीडीआरआयने बनवलेली सहेली गोळी १९९१ ला बाजारात आली आणि २०१६ मधे छाया नावाने सरकारी कार्यक्रमात गेली, आयआयटी खरगपूरच्या डॉ. सुजय गुहांचं पुरुषांसाठीचं रिसग इंजेक्शन, त्याच्या फेज ३ ट्रायलचे ३०३ पुरुषांचे रिझल्ट २०२३ मधे छापून आले. मूल होत नाही म्हणून रडणारी बाई या सगळ्यात फार उशिरा आली. मला याचा रागही येतो पण प्रपोजल लिहिताना राग कामाचा नाही, नुसतं 'वंध्यत्व' हा विषय म्हणून टाकला तर पॅनेलमधे कुणीतरी म्हणणारच की लोकसंख्या एवढी असताना हे कशाला.

म्हणून प्रश्न असा मांडा की त्याचं दुसरं टोक कुठल्यातरी चालू प्राधान्याला लागलेलं असेल, पण खोटं जोडू नका. पीसीओएसचं (अंडाशयाचा हार्मोनचा विकार) डायबिटीसशी नातं खरंच आहे. जेनायटल टीबी हे आपल्याकडच्या वंध्यत्वाचं खरंखुरं कारण आहे आणि टीबीसाठी पैसा असतो. एंडोमेट्रिओसिसवर एनआयआरआरसीएचमधे मोठं काम चालू आहे. वेळेआधी होणाऱ्या बाळंतपणांवर डीबीटीने फरिदाबादच्या संस्थेमार्फत गर्भ-इनी नावाचा मोठा कोहॉर्ट, म्हणजे पाठपुरावा करायचा गरोदर बायकांचा गट, उभा केलाय. कॅन्सरच्या तरुण पेशंटची फर्टिलिटी वाचवणं हा विषय तर आपल्या दाराशी आहे, खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक आहे, चौकशी करायला काय जातं. आणि ग्रामीण प्रश्न असेल तर डहाणूला एनआयआरआरसीएचच्या देखरेखीखालचं मॉडेल रूरल हेल्थ रिसर्च युनिट आहे.

जाता जाता एक. डब्ल्यूएचओने २०२३ मधे सांगितलं की जगात साधारण सहातल्या एका माणसाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाचा अनुभव येतो, १७.५ टक्के. आकडा बरोबर आहे पण हल्ली प्रत्येक प्रपोजलची पहिली ओळ हीच असते, रिव्ह्यूअरला पाठ झालीय. तुमच्या ओपीडीचा आकडा टाका.

परदेशी पैशाबद्दल थोडक्यात. पुरुषांच्या गर्भनिरोधनावर काम करत असाल तर अमेरिकेतली मेल कॉन्ट्रासेप्टिव्ह इनिशिएटिव्ह फेलोशिप आणि सीड ग्रँट देते, गेट्स फाउंडेशनच्या ग्रँड चॅलेंजेसमधे अधूनमधून गर्भनिरोधनाचा विषय येतो. अमेरिकेच्या एनआयएचमधे आपला विषय एनआयसीएचडी या संस्थेकडे असतो, पण नवीन माणसाने सुरुवात तिथून करू नये, त्यात २०२५ मधे त्यांनी परदेशी सब-अवॉर्डचे नियमच बदलायला घेतले. पैसा कुठूनही आला तरी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी पैसा घ्यायची नोंदणी, आहे का हे विचारा, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने एफसीआरएचा पैसा दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालंय, त्यामुळे 'त्यांच्या ट्रस्टमधे येऊ दे, मग आपल्याकडे घेऊ' हा जुना जुगाड आता चालत नाही. परदेशी पार्टनर असेल तर हेल्थ मिनिस्ट्रीच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरीही लागते, कामकाज आयसीएमआरमधून चालतं, वेळ धरून ठेवा.

पायरी ४: परवानग्या

कॉल निघाल्यावर एथिक्सला पळालात तर संपलं. कमिटी दोन-तीन महिन्यांतून एकदा बसते, कॉलची मुदत असते महिना-दीड महिना. प्रोटोकॉल आधीच कमिटीपुढे टाका, ग्रँट मिळाली तर सुरू करू असं लिहून. आणि कमिटीची नोंदणी कुठली ते विचारा, साध्या बायोमेडिकल रिसर्चसाठी डिपार्टमेंट ऑफ हेल्थ रिसर्चकडची लागते, औषधाच्या ट्रायलसाठी सीडीएससीओकडची (केंद्राची औषध नियंत्रण संस्था), बऱ्याच ठिकाणी एकच असते आणि दुसरी आहे असं समजून चाललेलं असतं. ट्रायल असेल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआय या ट्रायलच्या रजिस्ट्रीवर नोंद. उंदीर असतील तर ॲनिमल एथिक्स, स्टेम सेल असतील तर त्यांची वेगळी कमिटी.

हॉस्पिटल दुसऱ्याचं असेल तर त्यांच्या एथिक्सचीही मंजुरी लागते हे विसरायला होतं. एमओयू (लेखी करार) करा, त्यात सॅम्पल कोणाचं, डेटा कोणाचा, पेपरवर नाव कोणाचं हे तिन्ही लिहा. चहा पिताना सगळे 'अरे आपलंच आहे' म्हणतात, पेपर ॲक्सेप्ट झाल्यावर आवाज बदलतात.

पायरी ५: लिहायला बसा

आता कुठे लिहायचं. पोर्टलवर अकाउंट मात्र आजच उघडा, आयसीएमआरचं ई-पीएमएस, डीबीटीचं ई-प्रोमिस, एएनआरएफचं वेगळं. शेवटच्या रात्री पोर्टल लटकतंच, आणि संस्थाप्रमुखांच्या सहीचा कागद स्कॅन करून लावायचा असतो, ते नेमके त्या आठवड्यात कॉन्फरन्सला.

ऑब्जेक्टिव्ह दोन, फार तर तीन. नवीन लोक लिहितात, 'पीसीओएस असलेल्या स्त्रियांमधील वंध्यत्वाचा अभ्यास करणे'. यात काय मोजणार, कोणात, कशाशी तुलना, काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा, 'आयव्हीएफ घेणाऱ्या पीसीओएसच्या आणि पुरुष घटकामुळे आलेल्या स्त्रियांच्या फॉलिक्युलर फ्लुइडमधलं एएमएच हार्मोन मोजून त्याचा मॅच्युअर अंड्यांच्या टक्केवारीशी संबंध बघणे'. आता ग्रुप कळले, सॅम्पल कळलं, मोजमाप कळलं, आणि सॅम्पल साइज काढता येतो. सॅम्पल साइज स्टॅटिस्टिशियनकडून काढून घ्या आणि त्यावर तुमच्या वहीतली गळती चढवा, माझ्या अनुभवात हवे त्याच्या दीडपट बायकांना विचारावं लागतं.

रिव्ह्यूअरची एक ठरलेली शंका असते, हे कुठेतरी होऊन गेलंय, तुम्ही वेगळं काय करताय. 'भारतीय लोकसंख्येत झालेलं नाही' हे उत्तर एकट्याने पुरत नाही. भारतीय बायकांमधे वेगळं का निघेल याचं एक कारण द्या. माझं दुसरं प्रपोजल याच एका ओळीवर परत आलं आणि खरं सांगू, कमेंट बरोबर होती.

आणखी एक, प्रपोजल सबमिट करायच्या आधी एका गायनॅक डॉक्टरला आणि आपल्या विषयातल्या नसलेल्या एखाद्या सायंटिस्टला वाचायला द्या. डॉक्टर सांगेल की असा पेशंट आमच्याकडे येतच नाही, आणि दुसरा सांगेल की तिसऱ्या पानापर्यंत मला काही कळलं नाही.

पायरी ६: बजेट

मशीन मागायचा मोह आवरा. लहान ग्रँटमधे मोठं मशीन दिसलं की पहिली कात्री तिथेच, आणि मिळालंच तरी तिसऱ्या वर्षानंतर एएमसी (देखभालीचे वार्षिक पैसे) कोण भरणार? कासा (शुक्राणू तपासायचं मशीन) किंवा रिअल टाइम पीसीआर मशीन आसपास कुणाकडे आहे ते शोधा आणि वापरायची परवानगी देणारं पत्र जोडा.

माणसाचा पगार सरकारी दराने धरा. जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) जानेवारी २०२३ पासून ३७,००० आणि एसआरएफ (सीनियर) ४२,०००, एचआरए वेगळा. आयसीएमआरच्या प्रोजेक्टमधे पदांची नावं वेगळी असतात, प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट, प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट अशी, कॉलमधला तक्ता बघून तेच नाव टाका.

बाकी विसरल्या जाणाऱ्या गोष्टी सांगते, लिक्विड नायट्रोजन दर आठवड्याला भरायला लागतो, त्याचं तीन वर्षांचं बिल काढून बघा डोळे फिरतील. उणे ८० चा फ्रीझर आहे पण त्याला जनरेटरचं कनेक्शन आहे का ते बघा. किटची किंमत जीएसटीसकट लिहा, आणि ९६ वेलच्या प्लेटमधे ९६ पेशंट बसत नाहीत, स्टँडर्ड आणि डुप्लिकेट धरले की चाळीसच्या आसपास बसतात, हे गणित चुकलं की किट निम्म्यात संपतात. सॅम्पल आणायच्या गाडीचे पैसे वेगळे टाका. मी सुरुवातीला ट्रान्सहार्बरने डबा घेऊन जायचे, तुर्भ्याला एका काकूंनी अगदी प्रेमाने विचारलं, पापलेट का गं? हसण्यावारी नेलं पण मानवी सॅम्पल लोकलमधे नेणं हे मुळातच चूक, तीन थरांचं पॅकिंग आणि गाडी, दोन्ही बजेटमधे हवं. पेशंटला जास्तीच्या व्हिजिटला बोलावत असाल तर तिच्या येण्याजाण्याचे पैसेही टाका. ट्रीटमेंट सायकलचा खर्च मात्र ग्रँटमधे दाखवू नका, मिळत नाही, आणि 'रिसर्चमधे आलात तर सायकल स्वस्त' असलं काही तर एथिक्समधे टिकणारच नाही.

पायरी ७: नंतरचं

नकार आला तर कमेंट मागा, मिळाल्या तर एक दिवस कपाटात ठेवा आणि मग वाचा. तेच प्रपोजल जसंच्या तसं दुसरीकडे टाकू नका, पॅनेलवर बऱ्याचदा तीच चार माणसं असतात. माझं जे पहिलं प्रपोजल लागलं ते तिसऱ्या ठिकाणी लागलं, दरम्यान त्यातला एम्ब्रियोचा भाग पूर्ण काढून टाकला होता.

मंजूर झालं तर पैसे लगेच येत नाहीत. आधी मंजुरीचं पत्र, मग अकाउंटची भानगड, पीएफएमएस या सरकारी पैशांच्या पोर्टलवर नोंदणी, मग कधीतरी पहिला हप्ता. माणूस नेमायची जाहिरात मंजुरीच्या पत्रावरच तयार ठेवा, नाहीतर पहिलं वर्ष असंच जातं. खर्चाची पावती त्याच दिवशी फाइलला लावा, प्रत्येक हेडचा (खर्चाच्या सदराचा) वेगळा रजिस्टर ठेवा, एका हेडचे पैसे दुसऱ्यात परवानगीशिवाय वळवू नका, कन्झ्युमेबलमधून खुर्ची घेतलेली ऑडिटरला दिसते. वर्ष संपलं की युटिलायझेशन सर्टिफिकेट, फॉर्म १२-ए, त्यावर तुमची, अकाउंट्सची आणि संस्थाप्रमुखांची सही, ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. त्यासाठी अकाउंट्समधे फेब्रुवारीतच जाऊन बसा, मार्चचा दुसरा आठवडा उलटला की तिथे ते कुणालाच ओळखत नाहीत.